पाटेक की लांगे? चावीचं सोन्याचं घड्याळ निवडताना

संग्रहात डायव्हिंगची घड्याळं झाली, क्रोनोग्राफ झाले, स्टीलच्या पट्ट्यांची तर गर्दी झाली, की बऱ्याच जणांना साध्या घड्याळाची ओढ लागते. दोन काटे, सेकंदाची छोटी तबकडी, सोन्याची केस, चामड्याचा पट्टा. तारीखसुद्धा नको. शोध सुरू झाला की गाडी फार वेळा दोन नावांपाशी येऊन अडते. एक जिनिव्हाच्या पाटेक फिलिपचं कॅलट्राव्हा ६११९, दुसरं जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावच्या ए. लांगे उंड झोने यांचं ३८.५ मिलिमीटरचं १८१५. दोन्ही चावीची, दोन्हींत सहाच्या जागी सेकंदकाटा, दोन्हींची किंमत ऐकून घरच्यांनी डोक्याला हात लावावा अशी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घड्याळ वारंवार घालायचं असेल आणि सोन्याचं दुसरं सडपातळ घड्याळ तुमच्याकडे नसेल, तर पाटेक घ्या. ते वर्षातून आठ-दहा वेळाच मनगटावर चढणार असेल आणि एरवी रात्री जेवणानंतर काढून, उलटं करून, भिंगाखाली बघण्यातच तुमचा आनंद असेल, तर लांगे. ड्रेस वॉच घेणारे बहुतेक संग्राहक प्रत्यक्षात दुसऱ्या गटातले असतात आणि स्वतःला पहिल्या गटातले समजतात, असं मला वाटतं. म्हणून निर्णयाआधी तुमची सध्याची घड्याळं समोर ठेवा आणि गेल्या वर्षभरात कोणतं किती वेळा घातलं ते प्रामाणिकपणे आठवा. कोणत्याही तांत्रिक तक्त्यापेक्षा या आठवणीतून जास्त कळतं.

ही विभागणी मी हवेतून काढलेली नाही, ती दोन्ही घराण्यांच्या मुळातच आहे. १९३२ साली, मंदीच्या काळात, पाटेक फिलिप अडचणीत असताना ती कंपनी शार्ल आणि जाँ या स्टर्न बंधूंनी घेतली. स्टर्न कुटुंबाचा मूळ धंदा तबकड्या बनवण्याचा, आणि पाटेकला तबकड्या पुरवणारे तेच होते. त्याच वर्षी कॅलट्राव्हाचं पहिलं मॉडेल, क्रमांक ९६, बाजारात आलं. जेमतेम ३१ मिलिमीटरचं, कसलीही जादा नक्षी नसलेलं. तबकडीवाल्यांच्या हाती आलेल्या कंपनीचं हे घड्याळ आधी चेहरा म्हणून जमून आलेलं आहे, आणि आजतागायत कॅलट्राव्हाचं यश त्या चेहऱ्यातच आहे. ६११९ मध्ये बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, क्लू द पारी म्हणतात ती बारीक चौकडीची नक्षी आहे, पिरॅमिडच्या टोकांसारखी. ही नक्षी १९८५ च्या ३९१९ मधून ५११९ मध्ये आणि तिथून २०२१ मध्ये ६११९ मध्ये आली. ठळक फरक असा की आधीच्या दोन्हींत रोमन आकडे होते, यात पैलू पाडलेल्या सोन्याच्या लांबट खुणा आहेत.

लांगेची गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. फर्डिनांड अडोल्फ लांगे यांनी १८४५ मध्ये सॅक्सनी सरकारचं कर्ज घेऊन ग्लासह्युटेत कारखाना काढला. खाणी ओस पडत चाललेला तो डोंगराळ, गरीब मुलूख. तिथल्या पोरांना त्यांनी घड्याळाचं काम शिकवलं. त्यांचं सगळं लक्ष आतल्या मशीनवर होतं. घड्याळाचा जवळजवळ पाऊण भाग व्यापणारी एकसंध पट्टी, थ्री-क्वार्टर प्लेट, ही त्यांची देणगी. ८ मे १९४५ ला, युरोपातल्या युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवशी, कारखान्यावर बॉम्ब पडले. १९४८ मध्ये, पुढे पूर्व जर्मनी झालेल्या भागात, तो सरकारजमा झाला. नाव चाळीसहून अधिक वर्षं नाहीसंच होतं. बर्लिनची भिंत पडल्यावर पणतू वाल्टर लांगे यांनी ७ डिसेंबर १९९० रोजी, म्हणजे मूळ स्थापनेला बरोबर १४५ वर्षं झाली त्या दिवशी, कंपनी पुन्हा नोंदवली. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये नवी चार घड्याळं लोकांसमोर आली. १८१५ हे मॉडेलचं नाव म्हणजे संस्थापकाचं जन्मवर्ष.

आता प्रत्यक्ष हातात घेऊ. आकडे पाहिले तर पाटेकचं मशीन २.५५ मिलिमीटर जाडीचं, लांगेचं ४.६. एवढा फरक वाचून अनेक जण दुकानात जायच्या आधीच पाटेककडे झुकतात. पण केसची एकूण जाडी पाटेकची साधारण ८.१ आणि लांगेची ८.८ मिलिमीटर आहे. मनगटावर उरतो तो पाऊण मिलिमीटर, आणि तो शर्टच्या कफाला कळतही नाही. खरा फरक जाणवतो तो वजनात आणि कडांत. लांगेची केस हाताला भरीव लागते, बाजू सरळ आणि स्पष्ट. पाटेकचं बेझेल प्रकाश तोडतं आणि घड्याळ आहे त्याहून बारीक भासतं. व्यास ३९ आणि ३८.५, म्हणजे जवळपास सारखाच. आपल्याकडे सोळा-सतरा सेंटीमीटर घेराची मनगटं पुष्कळ. त्यांनी व्यासापेक्षा केसला पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या लगपासून खालच्या लगपर्यंतची लांबी बघावी. लग मनगटाच्या कडेबाहेर डोकावत असतील तर दोन्ही घड्याळं नको म्हणावीत. लांगेने २०२५ मध्ये १८१५ चं ३४ मिलिमीटरचं रूप काढलं आहे, ६.४ मिलिमीटर जाड. बारीक मनगटाच्या माणसाने ते लावून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. ‘३४ म्हणजे बायकांचं’ ही समजूत गेल्या पंचवीस वर्षांतली आहे. आपल्या आजोबांच्या मनगटावर बहुधा त्याच मापाचं घड्याळ होतं.

कफाचंही एक बघा. शिंप्याला सांगून डाव्या बाहीचा कफ थोडा सैल ठेवला की ड्रेस वॉच आपोआप आत सरकतं. कुर्ता किंवा बंदगळा घालून लग्नाला जाणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही, पण तिथे दुसरा येतो: मंडपातल्या मंद उजेडात वेळ दिसते का? दोन्हींत अंधारात चमकणारा रंग नाही. लांगेच्या तबकडीवर स्पष्ट अरबी आकडे, रेल्वेच्या रुळांसारखी मिनिटांची पट्टी आणि तापवून निळे केलेले पोलादी काटे आहेत. चाळिशी लागलेल्यांना ते चटकन वाचता येतात. पाटेकच्या चंदेरी तबकडीवरच्या सोनेरी खुणा देखण्या खऱ्या, पण एखाद्या कोनातून प्रकाशात हरवतात. पांढऱ्या सोन्याच्या ६११९ ची कोळशासारखी करडी तबकडी त्या मानाने सोपी. रंगाबद्दल बोलायचं तर गव्हाळ किंवा सावळ्या मनगटावर गुलाबी सोनं उठून दिसतं. पांढरं सोनं चार हातांवरून स्टीलच वाटतं. काहींना नेमकं तेच हवं असतं, विशेषतः लोकलने प्रवास करणाऱ्यांना.

मग घड्याळ उलटं करा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसा इथे गेलेला आहे.

लांगेची प्लेट जर्मन सिल्व्हरची आहे: तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा अंशही नाही. तिच्यावर मुलामा देत नाहीत, त्यामुळे वर्षं जातील तशी ती किंचित पिवळसर, मधाळ होत जाते. प्लेटवर रुंद सरळ पट्ट्यांची घासणी, त्यात सोन्याच्या कड्यांत बसवलेली माणकं, ती कडी धरून ठेवणारे निळे स्क्रू. बॅलन्स व्हीलवरच्या छोट्या ब्रिजवर हाताने कोरलेली फुलं आहेत, आणि कोरणाऱ्या प्रत्येक कारागिराची धाटणी वेगळी असल्याने एकाच मॉडेलची दोन घड्याळं तिथे तंतोतंत सारखी नसतात. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे प्रत्येक मशीन दोनदा जोडतात. एकदा जोडून, चालवून, वेळ लावून घेतात. मग सगळं सुटं करून साफ करतात, अखेरची घासणी-पॉलिश उरकतात आणि पुन्हा जोडतात. पहिल्या जोडणीत ओरखडा पडलाच तर तो गिऱ्हाईकापर्यंत येऊ नये म्हणून हा उपद्व्याप. हिशेबी माणूस असलं काही करणार नाही, आणि मला लांगे आवडतं ते यासाठीच.

मात्र एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. थ्री-क्वार्टर प्लेट देखणी असली तरी ती चाकांची साखळी बरीचशी झाकून टाकते. ज्याला चाकावर चाक फिरताना पाहायचं आहे, त्याला लांगेच्या पाठीवर कारागिरी दिसेल, यंत्र कमी दिसेल. पाटेकचं ३०-२५५ पीएस हे मशीन वेगवेगळ्या ब्रिजचं आहे. चाकांचा प्रवास नजरेने धरता येतो. त्यात दोन स्प्रिंगचे डबे एकाच वेळी सुटतात, त्यामुळे ताकद स्थिर राहते आणि पूर्ण चावीवर ते ६५ तास चालतं. व्यास ३१ मिलिमीटर, म्हणजे केसच्या मापाला साजेसा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. आधीच्या ५११९ मध्ये २२ मिलिमीटरही न भरणारं जुनं २१५ पीएस मशीन होतं, म्हणून सेकंदाची तबकडी मध्याच्या अगदी जवळ येऊन बसली होती, आखूड मानेच्या माणसासारखी. जाणकार वर्षानुवर्षं कुरकुरत होते. ६११९ ने ती तक्रार मिटवली. लांगेच्या १८१५ मध्ये ती कधी नव्हतीच.

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग सोबत न्या, मागायला लाजू नका. ब्रिजच्या तासलेल्या कडा आतल्या कोपऱ्यात टोकदार मिळतात की गोलसर होऊन विरतात, स्क्रूच्या खाचेच्या कडा स्वच्छ आहेत का, हे पाहा. या बाबतीत लांगे माझ्या मते पुढे आहे, आणि पाटेकचे चाहतेही हे खासगीत मान्य करतात.

रोजच्या वापरात गणित थोडं उलटतं. लांगे ५५ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी आठला पूर्ण चावी देऊन ठेवलेलं पाटेक सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना चालू असेल, लांगे बहुधा पहाटेच थांबलेलं असेल. पाटेकच्या बॅलन्सची बारीक स्प्रिंग सिलिकॉनची आहे, तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही. लांगेची धातूची. आज मोबाईलच्या कव्हरात, टॅबलेटच्या झाकणात, पर्सच्या बटणात, लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये सगळीकडे चुंबक आहेत. लांगे घेतलं तर ते रात्री फोनशेजारी ठेवायची सवय सोडावी लागेल. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्या. घड्याळवाला दोन मिनिटांत, मागचं झाकण न उघडता ते चुंबकत्व उतरवून देतो.

आणि चावीचं घड्याळ आपल्याला झेपतं का, हे लाखो रुपये न घालताही कळतं. घरात कुणाचं तरी एचएमटी जनता कपाटात पडलेलं असतंच. तेल-साफसफाई करून घ्या आणि महिनाभर तेच एक वापरा. रोज सकाळी ठरल्या वेळी चावी देणं, घट्ट लागलं की थांबणं, पावसाळ्यात हात धुताना ते जपणं. महिन्याच्या शेवटी कंटाळा आला असेल तर प्रश्न पाटेक की लांगे हा नाहीच.

पावसाळ्यावरून आठवलं. दोन्ही घड्याळं तीस मीटरची आहेत आणि त्याचा अर्थ शिंतोडे सहन करतील एवढाच. सोबत येणारा मगरीच्या कातड्याचा पट्टा कोकण-मुंबईच्या घामाला आणि दमटपणाला फार दिवस पुरत नाही. खरेदीच्या वेळीच वासराच्या चामड्याचा साधा जादा पट्टा करून घ्या आणि मूळचा समारंभासाठी राखून ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर डबीत सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या बदलत राहा.

पैशाचा विषय. सोनं १८ कॅरटचं आहे, म्हणजे पंचाहत्तर टक्के; बावीस कॅरटची सवय असलेल्या घरात कुणीतरी ‘एवढ्यात किती तोळे आलं असतं’ हा हिशेब मांडणारच. त्यांचा हिशेब बरोबर असतो. केसमधल्या सोन्याची किंमत ही घड्याळाच्या किमतीचा लहानसा भाग आहे, तेव्हा ‘सोनं तर आहेच ना’ अशी स्वतःची समजूत घालू नका. आणि पाटेकच्याच स्टीलच्या नॉटिलसच्या दंतकथा ऐकून या खरेदीला गुंतवणूक म्हणू नका. दोन्ही कंपन्यांची सोन्याची साधी घड्याळं दुसऱ्या हाताला जाताना सहसा उतरतात. लांगे जास्त उतरतं, कारण वर्षाला काही हजारच बनत असली तरी ओळखणारेही कमी. पाटेक विकायचं झालं तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. याचा उलटा अर्थ असा, की जुनं घेणाऱ्यासाठी लांगे ही दोघांतली अधिक किफायतशीर खरेदी आहे.

भारतात दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का टीसीएस वसूल करतो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पॅन बरोबर नोंदला आहे का तेवढं पाहा. स्वित्झर्लंडसह एफ्टा गटातल्या चार देशांशी झालेला भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, आणि त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं. जर्मनी त्या गटात नाही. त्यामुळे दोन्हींची किंमत विचारताना त्या दिवशीचं शुल्क धरून लेखी आकडा मागा. परदेशात घेणार असाल तर स्वित्झर्लंडचा व्हॅट ८.१ टक्के आणि जर्मनीचा १९ टक्के आहे, आणि पर्यटकाला तो परत मागता येतो, थोडं सेवाशुल्क वजा होऊन. त्या बचतीवर भाळून परतताना घड्याळ मनगटावर चढवून हिरव्या मार्गाने बाहेर पडायचा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला असतात. ऐकू नका. जाहीर करा, शुल्क भरा, पावती जपून ठेवा. पुढे विमा उतरवताना किंवा विकताना हीच पावती उपयोगी पडते.

दुसऱ्या हाताचं ६११९, किंवा त्याआधीचं ३९१९ वा ५११९ घेत असाल तर सगळ्यात आधी बेझेल पाहा. ती चौकडीची नक्षी पॉलिशने झिजते आणि एकदा बोथट झाली की साध्या पॉलिशवाल्याला परत आणता येत नाही. भिंगाखाली टोकं चारही बाजूंनी सारखी टोचरी दिसली पाहिजेत. पाटेकचं मूळ प्रमाणपत्र हरवलं तर कंपनी ते पुन्हा देत नाही, म्हणून कागदांशिवायच्या घड्याळाची किंमत तशीच कमी धरा. लांगेच्या बाबतीत मशीनवर भिंग फिरवा. उघड्या जर्मन सिल्व्हरवर उघड्या बोटाने स्पर्श झाला असेल तर डाग पडतो, आणि ठसा दिसला तर आत कुणीतरी नवशिक्या हात घालून गेला आहे असं समजा. लगच्या कडा दोन्हींत तीक्ष्ण हव्यात. गोल झालेली लग म्हणजे कुणीतरी चकाकीसाठी सोनं घासून घालवलेलं.

सर्व्हिसिंगची चौकशी पैसे देण्याआधी करा: घड्याळ भारतातच उघडणार की परदेशी जाणार, किती महिने, अंदाजे खर्च किती, वाटेतला विमा कोणाचा. पाटेक १८३९ पासूनचं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करून देण्याची हमी देतं आणि ती पाळल्याची उदाहरणं संग्रहालयांपासून लिलावांपर्यंत दिसतात. नातवाला द्यायचं म्हणून घेत असाल तर हे वजनदार कारण आहे. लांगेचं नवं आयुष्य १९९४ चं, म्हणजे त्याला अजून तीनच दशकं झाली आहेत. मशीन मजबूत आहे, पण कुणाही गल्लीतल्या कारागिराने ते उघडू नये. कितीही विश्वासू असला तरी.

जमलंच तर दोन्ही घड्याळं एकाच दिवशी बघा. एक आज आणि दुसरं तीन आठवड्यांनी पाहिलं की मागचं आठवणीत गोड होतं. ज्या शर्टवर घालणार तोच घालून जा, खिडकीजवळ उजेडात उभे राहा, विक्रेत्याला थोडा वेळ गप्प बसायला सांगा आणि प्रत्येक घड्याळाला स्वतः चावी द्या. तीच एक गोष्ट तुम्ही पुढे दर एक-दोन दिवसांनी करणार आहात. लांगेची चावी कशी फिरते आणि पाटेकची कशी, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. एवढं करूनही तराजू हलला नाही, तर कागदोपत्री भानगड ज्याची कमी आणि सर्व्हिसिंगचं उत्तर ज्याचं लेखी, ते घ्या. दुसऱ्याची किंमत वर्षभर नजरेखाली ठेवा.